खोलीत दुसरं कुणी नको

किस्से जमायला चार माणसं एका टेबलाशी डबा खात बसावी लागतात, असा माझा समज होता. आम्ही तिघं तर आपापल्या घरी, आपापल्या लॅपटॉपसमोर एकेकटे बसून एमएस्सी करत होतो. अप्लाइड कम्प्युटर सायन्स, ऑनलाइन. तरी एवढे किस्से साठले की आठवले तरी माझं डोकं तापतं. तुम्ही खुशाल हसा, माझी हरकत नाही.

तिघं म्हणजे मी, पायल आणि इम्रानभाई. मी आणि पायल जळगावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे वर्ग आमचा, फळा आमचा, फक्त नोकरी आमची नाही. इम्रानभाई धुळ्याचे. नरडाण्याच्या एका कारखान्यात मशीनचे कंट्रोल सांभाळतात. त्यांची ओळख कोर्सच्या ग्रुपवरच झाली.

*

ऑनलाइन शिकतो म्हटलं की लोकांना वाटतं, ही रिकामीच आहे.

आमच्या शेजारच्या अक्का, माणूस लाख चांगलं, पण गल्लीभर त्यांनीच सांगून ठेवलं होतं की मी दिवसभर घरी असते. एकदा माझा सेमिनार चालू होता. कॅमेरा चालू, माइक चालू, समोर परीक्षक. अक्का चपला वाजवत आत आल्या आणि किल्ली टेबलावर ठेवून म्हणाल्या, "तू ते घरमाच शेस ना, सिलिंडरवाला ई तर दार उघडी देजो."

त्या दिवशी त्या टेबलावर निम्म्या गल्लीच्या किल्ल्या पडल्या होत्या. आणि माझ्या सेमिनारचा विषय होता, परक्या माणसाच्या हाती प्रवेश जाऊ नये म्हणून काय काय काळजी घ्यावी.

*

आमचे विभागप्रमुख आणखी वेगळे. "ऑनलाइन डिग्री म्हणजे काय मॅडम, घरबसल्या डिग्री," असं ते स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले. म्हणणारे कोण? लॉकडाऊनमध्ये ज्यांना कॅमेरा वळवता येत नव्हता ते. त्या सगळ्या काळात आमची पोरं सरांच्या घरचा पंखा बघून डेटाबेस शिकली.

त्याच बैठकीत त्यांनी जाहीर केलं, की नव्या सत्रात मास्टर्स नसलेल्यांना तास मिळणार नाहीत. डिग्रीला किंमत नाही, पण डिग्री नसेल तर घरी जा! माझ्या तोंडावर आलं होतं, पण पायलने टेबलाखालून माझा हात दाबून धरला. तिला नोकरी गमावणं परवडणारं नव्हतं. घरी तिच्या सासऱ्यांनी आधीच सांगितलं होतं, की कॉलेज सुटलं तर दुकानातलं बिलिंग तिनेच सांभाळायचं.

*

परीक्षेवर नजर ठेवायला एक सॉफ्टवेअर होतं. ते कॅमेऱ्यातून आपल्याला बघत राहतं. नियम असा, की आधी एक खोली नोंदवायची, परीक्षा त्याच खोलीतून द्यायची आणि खोलीत दुसरं कुणी नको.

मी धुळ्याला माहेरची खोली नोंदवली, तिथे शांतता असते म्हणून. सुरुवातीला कॅमेरा चारी भिंतींवरून फिरवायचा होता. फिरवला, तर स्क्रीनवर लाल पट्टी: खोलीत आणखी एक व्यक्ती आहे. कोण व्यक्ती? तर भिंतीवर हार घातलेले माझे आजोबा.

मी नानांना, म्हणजे वडिलांना, म्हटलं, फोटो तीन तासांपुरता उतरवू या. नाना फोटोच्या खाली जाऊन उभे राहिले. "मना बाप काय तुले कॉपी पुरावस का? मरी जायेल माणूस शे तो." आता पट्टीवर दोन व्यक्ती दिसायला लागल्या.

शेवटी आजोबांवर टॉवेल टाकला आणि नानांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मला राग नानांचा आला नाही. घरातल्या माणसाची चेहरेपट्टी ओळखून त्याला चोर ठरवणाऱ्या त्या सॉफ्टवेअरचा आला.

*

इम्रानभाई आमच्यात सगळ्यांत थंड डोक्याचे. त्यांचा पेपर निम्मा झाला आणि वीज गेली. ऐन संध्याकाळी, अख्ख्या मोहल्ल्याची. त्यांनी शांतपणे मदतकक्षाला कळवलं. मदतकक्षात माणूस नव्हताच, यंत्रच उत्तरं देत होतं. उत्तर आलं, वीज गेल्याचा फोटो जोडा.

इम्रानभाईंनी अंधाराचा फोटो काढून पाठवला.

उत्तर आलं, फोटो स्पष्ट नाही, पुरेशा उजेडात काढून पुन्हा पाठवा.

"ताई," ते मला फोनवर म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा मी लॅपटॉपला शिवी दिली. अम्मी आतून विचारतेय, कोण आलंय?"

*

आता पायलचं ऐका.

तिचं सासर मूळ राजस्थानचं, जैन, जळगावात कापडाचं दुकान. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर आणि मधे ती खोली जी तिने नोंदवली. दुसरी खोलीच रिकामी नव्हती. पेपर पाच ते सात. दिवस हिवाळ्याचे. आणि तिचे सासरे, बाबूजी, सूर्य मावळायच्या आत जेवतात. दुकानात बसून खाणं त्यांच्या नियमात बसत नाही. म्हणजे जेवायला त्यांना त्या खोलीतूनच जावं लागणार.

पहिल्या पेपरला ते मान खाली घालून, एक शब्द न बोलता गेले; चेहरा न दिसल्याने सॉफ्टवेअरने त्यांना पकडलं नाही. पायलने सवयीने पदर हनुवटीपर्यंत ओढला. स्क्रीनवर इशारा आला: चेहरा दिसत नाही. बाबूजी जेवून परत आले. पुन्हा पदर. पेपर बंद, संशयित गैरप्रकार. विद्यापीठाने कळवलं, की एक शेवटची संधी, पुन्हा असं घडलं तर प्रवेश रद्द.

मी तिच्यावर उखडले. "एवढी शिकलेली तू, घुंघट कशाला घेतलास?"

"मी नाही घेतला ताई," ती म्हणाली. "हात गेला."

मी तडक दुकानात गेले. बाबूजी गादीवर बसून ताग्याची घडी घालत होते. "तुमच्यामुळे तिचा पेपर गेला," मी म्हटलं. गिऱ्हाइकं बघत होती, बघू देत.

"मैं तो कुछ बोला ही नहीं बहू को," ते म्हणाले.

"तुम्हाला बोलावं लागत नाही, तेच तर."

त्यांनी घडी पूर्ण केली. "आता पेपर कवा आहे?" एवढंच विचारलं. मला काही विश्वास वाटला नाही.

म्हणून दुसऱ्या पेपरला मी स्वतः दुकानात जाऊन बसले, मधल्या दारातल्या पडद्याकडे पाठ करून, पहारेकऱ्यासारखी. आत पायलचा पेपर चालू होता. या वेळी विद्यापीठाने तिच्यावर नजर ठेवायला खरा माणूस नेमला होता. समोरच्या दुकानाच्या पाटीवरचं ऊन वर सरकायला लागलं तसे बाबूजी उठले. मी दारातून हलले नाही.

"आज एक दिवस राहू द्या," मी म्हटलं.

बाबूजींनी खांद्यावरचं उपरणं काढलं, डोक्यावरून घेतलं आणि तोंडावरून पार छातीपर्यंत ओढलं. मग हाताने भिंत चाचपडत, मला वळसा घालून आत गेले.

मी पडद्याआडून बघत होते. पायलचा हात वर निघाला, मधेच थांबला आणि पुन्हा कीबोर्डवर आला. बाबूजींचा गुडघा खुर्चीवर आपटला. ते तसेच चाचपडत पुढे गेले.

लॅपटॉपमधून आवाज आला, "मॅडम, खोलीत तोंड झाकलेला माणूस आहे. कोण आहे तो? त्याला चेहरा दाखवायला सांगा."

पायलने मान वळवली नाही. उघड्या तोंडाने, सरळ कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली, "माझे सासरे आहेत, सर. ते माझ्यासमोर चेहरा दाखवत नाहीत."

पलीकडे कीबोर्डची दोनचार बटणं वाजली.

मग तो म्हणाला, "प्लीज कंटिन्यू."