साल्झबर्गमध्ये कुठे जेवावं

ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या जुन्या गल्लीत एक माणूस हॉटेलच्या दारात उभा राहून आम्हाला हसतमुखाने आत बोलावत होता, आणि मला लगेच त्याचा संशय आला. ज्याचं जेवण चांगलं, त्याला हाका कशाला माराव्या लागतात? शेजारच्या दारावर पदार्थांचे रंगीत फोटो होते, म्हणजे तिथे खरं ताट दाखवायची सोय नसणार. त्यापुढचं हॉटेल रिकामं होतं, ते का? आणि पलीकडचं गच्च भरलेलं, पण सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे. तेही आमच्यासारखेच फसलेले!

"अहो, संशयाने पोट भरणार आहे का?" बायको वैतागली.

परक्या गावात डोळे भोळे असतात. किल्ला दिसला की मान्य, चर्च दिसलं की मान्य. जीभ मात्र आधी ओळख मागते.

शेवटी नदीकाठच्या बाकावर बायकोने पुण्याहून आणलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी काढली. आम्ही मन लावून खात होतो. मान वर केली तर हातात नकाशा घेतलेलं एक वयस्कर जोडपं आमच्याकडे टक लावून बघत होतं.

"हे कुठल्या हॉटेलात मिळतं?" त्या गृहस्थांनी इंग्रजीत विचारलं.

मी डबा जरा जवळ ओढला. बायकोने मात्र एक दशमी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली, उलटीपालटी केली आणि आधी हुंगून बघितली.

त्या गावात मला पहिल्यांदाच कुणाचा तरी भरवसा वाटला.