नहराच्या पुलाअलीकडे

आमच्या सासुरवाडीला एक गोष्ट दर भाऊबीजेला सांगितली जाते. अंगात सणसणून ताप असताना मी बायकोला सायकलच्या कॅरिअरवर बसवून, नहराच्या पाळीवरून, म्हणजे कालव्याच्या बांधावरून, अड्याळला तिच्या माहेरी कसं आणलं, ही ती गोष्ट. चाळीसेक वर्षं मी ती ऐकत आलो आणि मान खाली घालून हसत आलो. लोकांना तो माझा विनय वाटला. गोष्ट खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे घरात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. पहिली नेमणूक अड्याळकडच्या एका तलावाच्या नहरावर. तिथंच लग्न जमलं. मग आंधळगावला बदली झाली, तेव्हा माहेर लांब पडलं. एसटीनं गेलो असतो तर अर्ध्या दिवसाचं काम. पण मला डांबरी रस्ता आवडत नसे. सायकल हेच माझं वाहन, आणि पाण्याच्या कडेनं जाणं हा माझा छंद. म्हणून सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून सात-आठ दिवाळ्या आम्ही दोघं दोन दिवसांचा प्रवास करून सायकलनं अड्याळला गेलो.

पहिल्या दिवशी वैनगंगेच्या काठाकाठानं, बैलगाडीच्या चाकोरीतून. लवकर येणारा हलका धान कापून झालेला असे, भारी धान उभा असे. भंडाऱ्याला खात्यातल्या एका मित्राच्या क्वार्टरमध्ये मुक्काम. दुसऱ्या दिवशी खालच्या घाटावर डोंग्यात सायकल आडवी टाकून नदी ओलांडायची. घाटावर उकडलेले शिंगाडे मिळत, ते ती पदरात बांधून घेई आणि मागे बसून सोलून एकेक माझ्या हातात देई. मग आमचा नहर लागे. मऊ मुरमाची पाळ, डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला धानाच्या बांध्या, आणि मैल मैल माणूस नाही.

तिसऱ्या वर्षी याच पाळीवर ती म्हणाली, “अजी, तुमची छाती भात्यासारखी वाजून राहिली. द्या, मी चालवतो.”

“तुले कधी येते व सायकल?”

“येत नाही म्हणून तर म्हणून राहिली. तुमी काय दुनियेले फक्त पाणीच देता? मले शिकवा नं.”

मी शिकवलं. ती दोनदा बेशरमाच्या झुडपात गेली, एकदा सायकलीसकट पाण्यात. चौथ्या वर्षी ती चालवत होती आणि मी कॅरिअरवर बसून शिंगाडे सोलत होतो. सायकल पुरुषी, मधे दांडा असलेली. पाचवारी साडीत ते जमत नाही. म्हणून या प्रवासाला ती आपल्या आईचं जुनं नऊवारी लुगडं कासोटा मारून नेसे. सासूबाईंना वाटे, शिकलेली असून पोरीनं जुनी रीत ठेवली.

फक्त एक होतं. त्या नहरावर सात पूल होते आणि प्रत्येक पुलावर कोणी ना कोणी बसलेलं असे. तिथं मी पूर्वी निरीक्षक होतो. बायको सायकल हाणते आहे आणि नहरवाले साहेब मागे बसले आहेत, हे त्यांनी पाहावं असं मला वाटत नव्हतं. पूल दिसायच्या आत, बाभळीच्या आडोशाला, ती थांबे. मी उतरून सीटवर बसे, ती मागे. पूल ओलांडून वळण घेतलं की पुन्हा बदल. मी कधी तसं तोंडानं म्हटलं नाही. तिनंही विचारलं नाही. ती नुसती एकदा घंटी वाजवी आणि ब्रेक दाबी. “या साहेब, तुमचं राज्य आलं,” एवढं मात्र हसून म्हणे.

तापाच्या वर्षी डोंग्यातून उतरतानाच मला हुडहुडी भरली. मलेरिया होता, हे नंतर कळलं. तिनं सगळ्या बोचक्यातलं काय काय काढून मला गुंडाळलं आणि पदराच्या एका टोकानं मला आपल्या कमरेशी बांधलं, कारण मी एकदा घसरून पडलो होतो. दहा-बारा मैल तिनं मला ओढलं. त्या दिवशी पूल आले आणि गेले, ती कुठंच थांबली नाही. कोणी काय विचारलं, तिनं काय उत्तर दिलं, मला आठवत नाही. तिच्या पाठीवर कपाळ टेकलेलं आठवतं, आणि लुगडं घामानं ओलं झालेलं आठवतं.

शेवटच्या पुलाअलीकडे मात्र मला शुद्ध आली. मी म्हणालो, “थांब.”

“कायले? आता गाव येऊनच राहिलं.”

“थांब म्हणतो नं.”

तिनं ब्रेक दाबला. मग तिनं पदराची गाठ सोडली. शेवटचा अर्धा मैल मी चालवली, दोन्ही पाय थरथरत, आणि सासऱ्यांच्या अंगणात सायकलीसकट कोसळलो.

शुद्धीवर आलो तेव्हा धाकटा साळा, बहिणीला बाई आणि मला भाटवे म्हणणारा, सगळ्या आळीला सांगत होता, “एवढ्या तापात बाईले घेऊन आले भाटवे! घाटापासून!” मी ऐकलं. एक शब्द बोललो असतो तर पुरलं असतं. ती माझ्या कपाळावर पट्टी बदलत होती. म्हणाली, “हो नं. लय कष्ट झाले त्यायले.”

इथवर ही हसण्यासारखी गोष्ट आहे. पुढची नाही.

ऐंशीनंतर दोन-तीन वर्षांनी आंधळगावला आमच्या ओसरीत एक सरकारी बाई आल्या. आसपासच्या सहा-सात गावांतल्या बालवाड्या फिरून बघायला त्यांना मॅट्रिक झालेली स्थानिक बाई हवी होती. माझी बायको मॅट्रिक होती. तिला दोन महिन्यांपासून या जागेची कुणकुण होती आणि रोज संध्याकाळी ती शाळेचं जुनं प्रमाणपत्र काढून बघे, पुन्हा पेटीत ठेवी. मी ते पाहिलं होतं.

बाई म्हणाल्या, “एकच अट आहे. सायकल आली पाहिजे. येते का हो यांना?”

माझा साळा त्या दिवशी पाहुणा आलेला. तो हसलाच. “बाईले कायची सायकल, मॅडम! भाटव्यानं तिले तापात कॅरिअरवर बसवून आणली होती.” आणि सगळी गोष्ट त्यानं पुन्हा सांगितली. बाई कौतुकानं ऐकत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आतून ती चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती.

मी म्हणालो, “नाही. सायकल नाही येत तिला.”

तिनं ट्रे खाली ठेवला, प्रत्येकाच्या हातात कप दिला, बाईंना विचारलं, “साखर बरोबर आहे न?” ती स्वतः बोलली असती तर नवरा खोटारडा ठरला असता, सरकारी माणसासमोर आणि तिच्याच भावासमोर. ती बोलली नाही. जागा दुसऱ्या गावच्या मुलीला मिळाली. ती मुलगी सायकलवरून आमच्या दारासमोरून जाई, आणि बायको तिला थांबवून पाणी देई.

त्या दिवाळीला आम्ही नेहमीसारखे निघालो. ती पाचवारी साडी नेसली होती. माझ्या ते लक्षात आलं नाही. नहर लागला, मी उतरलो, हँडल तिच्याकडे केलं. ती कॅरिअरवरच बसून राहिली.

“चालवा तुमीच,” ती म्हणाली. “मले नाही येत.”

रागानं म्हणाली नाही. तिनं शिंगाडाही सोलून माझ्या हातात दिला. त्यानंतरच्या वर्षापासून आम्ही एसटीनं जाऊ लागलो.

गेल्या भाऊबीजेला साळ्यानं, आता त्याचेही दात गेले आहेत, नातवंडांना ती गोष्ट सुरू केली. मी मधेच म्हणालो, “अरे, मी नव्हतो चालवत. तुझी बहीण चालवत होती. मी मागे बांधलेला होतो.” मग असा हशा उसळला की विचारू नका. साळा तिला म्हणाला, “काय व बाई, एवढे वर्स तू मले येडा बनवून राहिली?” ती लाजली. नातींनी तिला घेरलं. मला वाटलं, सुटलो.

परतताना गाडीत ती म्हणाली, “हसण्यासारखं होतं तेवढं सांगितलं तुमी. चहाचं नाही सांगितलं.”

म्हणून हे लिहिलं. त्या सरकारी बाई कुठे असतील, असतील की नाही, ठाऊक नाही. त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं, की हो, तिला सायकल येत होती. एका मोठ्या माणसाला मागे बांधून दहा-बारा मैल ओढण्याइतकी येत होती. ती जागा तिची होती आणि मी ती घालवली. ही प्रत मी साळ्यालाही पाठवणार आहे, आणि पुढच्या भाऊबीजेला सगळ्यांसमोर वाचणार आहे.

काल हे तिला वाचून दाखवलं. तिचे गुडघे आता गेले आहेत, पाय उशीवर ठेवून ती ऐकत होती. चहाचा भाग आला तेव्हा तिनं खिडकीबाहेर पाहिलं. वाचून झाल्यावर तिनं पायाखालची उशी सारखी केली. मग म्हणाली, “लुगड्याचं चुकलं.”

“काय चुकलं?”

“आईचं नव्हतं ते. मी घेतलं होतं, तुमसरच्या बाजारातून. सायकलीसाठीच. शिकवायले लावाच्या आधीच घेऊन ठेवलं होतं.”

म्हणजे त्या पाळीवर तिनं सहज म्हटलेलं सहज नव्हतं. मी वरचं वाक्य खोडायला पेन उचललं. ती म्हणाली, “राहू द्या. खाली लिहा.”

खाली लिहिलं आहे.