तिसऱ्या ओळीतलं नाव

इमारतीच्या नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, एक चौकट असते. तिच्यात चार ओळी. पहिली काढणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची, तिसरी कामावरच्या जबाबदार इंजिनियरची आणि चौथी मंजुरी देणाऱ्या सल्लागाराची. कागदावर सगळ्यात खाली असतो तो मानानं सगळ्यात वर. वगदी शलबी सत्तावीस वर्षं पहिल्या ओळीतच राहिला.

वगदी माझ्याच गावचा. रशीद शहराच्या अलीकडं, पेरूच्या बागांमागं आमचं गाव. त्याचा बाप दुसऱ्याच्या म्हशी राखायचा. पोरगा अलेक्झांड्रियात घरबांधणीचं शिकून पास झाला, त्या दिवसापासून अख्खं गाव त्याला ‘बडे इंजिनियर’ म्हणायला लागलं. आमच्याकडं नुसतं इंजिनियर म्हटलं तर माणूस रुसतो. गाढवाच्या गाडीवाल्याकडं रस्ता मागायचा असला की त्यालाही बडे इंजिनियर म्हणायचं. पण वगदीला ते खरं वाटलं. तिथंच घात झाला.

मी डिप्लोमावाला, नुसता ड्राफ्ट्समन. मला चढायला शिडीच नव्हती, त्यामुळं पडायची भीतीही नव्हती. डॉक्टर नझमींच्या ऑफिसात माझं टेबल वगदीच्या टेबलाला लागून. डॉक्टर म्हणजे दवाखान्यातले नव्हेत, कॉलेजात शिकवणारे मोठे सल्लागार. त्यांच्या टेबलावर तारेची एक टोपली होती. ऑफिसातला प्रत्येक कागद आधी त्या टोपलीत जायचा आणि लाल पेन्सिलीचे ओरखडे घेऊन परत यायचा. वगदीला या टोपलीची इतकी सवय, की लेकीच्या लग्नाची पत्रिका छापायच्या आधी त्यानं तीही टोपलीत ठेवली. डॉक्टरांनी नवरा बदलला नाही हे नशीब.

सल्लागार व्हायचं तर इंजिनियरांच्या संघटनेला दाखला द्यावा लागतो, की या माणसानं स्वतःच्या जबाबदारीवर कामं केलीत. दाखला देणार ऑफिसचा मुख्य. आणि हा मुख्यच जबाबदारी देईना.

“पुढच्या वर्षी बघू, वगदी,” डॉक्टर म्हणायचे. “तुझी रेघ सुंदर आहे. रेघ काढणारा मला दुसरा कुठं मिळणार?”

वगदी हे घरी जाऊन बायकोला सांगायचा, शाबासकी म्हणून. बायको इन्शिराह. बाई तोंडाची तिखट.

“रेघ सुंदर म्हणाले? मग खा ती भाकरीत गुंडाळून,” ती म्हणायची. “नांगराच्या बैलाचीही रेघ सरळच असते. त्याला कुणी शेताचा मालक करत नाही.”

जानेवारीत सरकारविरुद्ध उठाव झाला आणि शहरात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहिला नाही. पालिकेचे लोक घरात बसले. गल्लीबोळात टॉवर उगवायला लागले, कुत्र्याच्या छत्रीसारखे. त्याच दिवसांत कंत्राटदार गाबर ऑफिसात आला. आठ पावलं रुंदीच्या गल्लीत त्याला इमारत बांधायची होती. परवाना सहा मजल्यांचा. डॉक्टरांनी सहा मजल्यांचा नकाशा मंजूर केला, चौथ्या ओळीत सही ठोकली आणि वगदीला आत बोलावलं.

बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

“तिसरी ओळ,” तो म्हणाला. “मला दिली रं.”

“गाबरच्या कामावर?” मी म्हटलं. “नीट बघून घे.”

“तू जळतोस.”

जळतही होतो थोडा. खोटं कशाला बोलू.

गाबरनं पत्र्याचा बोर्ड रंगवून गल्लीच्या तोंडाशी लावला. ‘जबाबदार इंजिनियर : वगदी शलबी’. अक्षरं वीतभर. त्याच बोर्डावर मालकाचं नाव होतं, बरई अब्दुल-मौला. हा बरई समुद्रावर खारवलेले तुर्मुसचे दाणे विकायचा. त्याला स्वतःचं नावही वाचता येत नव्हतं. आमच्या शहरात बेकायदा इमारतीला असा नावापुरता धनी लावतात, त्याला काहूल म्हणतात. खटला झाला की काहूल आत जातो, इमारत जागच्या जागी. बदल्यात बरईला जिन्याखालची खोली मिळाली होती. म्हातारा खुशीत होता.

वगदीला त्याची फार मजा वाटायची. “काय मालक,” म्हणायचा, “आज भाडं वसूल करायला निघालात?”

“निघालो की, बडे इंजिनियर,” बरई तुर्मुसची पुडी पुढं करायचा. “बोर्डावर माझं नाव वर का तुमचं?”

“तुझं वर, माझं खाली.”

“मग पाऊस आधी माझ्यावर पडंल,” म्हातारा म्हणायचा. “तुम्हाला भिजायला उशीर लागंल.”

वगदी रोज सकाळी ओळंबा घेऊन कामावर जायचा. सहा स्लॅब ओतून होईपर्यंत सगळं सरळ होतं. सहाव्यावर कॉलमच्या सळ्या कापायच्या सोडून गाबरनं वर वाढवल्या, तेव्हा वगदीनं त्याला हटकलं. गाबरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “अल्ला देणाराय, बडे इंजिनियर. तुम्ही कशाला मोजताय?”

जबाबदार इंजिनियरला कायद्यानं एक गोष्ट करता येते. पालिकेला आणि पोलिसाला एक पत्र. ‘मी देखरेख करतो त्या कामात परवाना मोडला आहे, काम थांबवावं.’ खाली त्याची एकट्याची सही. बाकी कुणाची लागत नाही. वगदीनं ते पत्र त्याच दुपारी लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. मी वाचलं.

“जाता जाता टपालात टाक,” मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याला उघडा फिरायला सांगितलं. “तपासल्याशिवाय?”

आणि उठून त्यानं ते टोपलीत ठेवलं.

चार दिवसांनी पत्र परत आलं. लाल पेन्सिलीनं वर लिहिलं होतं, ‘भाषा कडक. मऊ करावी.’ तेवढ्यात सातवा स्लॅब ओतून झाला. वगदीनं भाषा मऊ केली. ‘काम थांबवावं’च्या जागी ‘काम थांबवण्याचा विचार व्हावा.’ पुन्हा टोपली. आठवा, नववा. पुन्हा लाल पेन्सिल, ‘अजून सौम्य.’ तिसऱ्या खेपेला पत्रात एवढंच उरलं की कंत्राटदारानं मजल्यांच्या संख्येकडं कृपया लक्ष द्यावं. ते पत्र परत आलंच नाही.

“डॉक्टर, ते माझं पत्र...” वगदी एकदा दारातून म्हणाला.

“बघतो आहे. घाई काय आहे? दाखल्याचंही तुझं बघायचंय या वर्षी.”

दाखला म्हटल्यावर वगदी दारातूनच परत फिरला. मीही शेजारच्या टेबलावर होतो, मान खाली घालून रेघा ओढत राहिलो. तेरा स्लॅब झाले.

इमारत कलली ती भर दुपारी, जोहरच्या नमाजानंतर. तळमजल्याचा कोपऱ्यातला कॉलम फुगला, पोट सुटल्यासारखा, आणि टॉवर गल्ली ओलांडून समोरच्या इमारतीला टेकला. दारुड्यानं भिंतीला टेकावं तसा. खालच्या मजल्यांवर राहायला आलेली माणसं गाद्या-पोरं घेऊन पळाली. सगळी सुटली. बरईही सुटला होता. पण त्याचं तुर्मुसचं पातेलं आत राहिलं, ते आणायला परत गेला. जिन्याची भिंत त्याच्यावर आली.

कागदावरचा मालक मेला. गाबर पळाला, आणि तो कागदावर नव्हताच. डॉक्टरांची सही सहा मजल्यांवर, आणि सहा मजले निर्दोष. राहता राहिलं बोर्डावरचं दुसरं नाव.

सरकारी वकिलानं त्याला फार छळलं नाही. दोनच गोष्टी विचारल्या. मी साक्षीला होतो.

“पत्र पाठवायला कुणाची परवानगी लागत होती?”

“कुणाची नाही, साहेब.”

“मग दुसऱ्याला का दिलं?”

“तपासायला,” वगदी म्हणाला.

कोर्टात कुणीतरी हसलं. मी नव्हतो हसलो. पत्र कुठंय, हेही विचारलं. टोपलीत सापडलं नाही.

सजा झाली सात वर्षांची. संघटनेनं त्याचं नाव काढून टाकल्याचं पत्र घरी आलं. इन्शिराहनं ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, “एवढं तरी कुणी मऊ केलं नाही.” गल्ली मोकळी करताना तो बोर्ड कुणीतरी तिच्या दारात आणून टाकला होता. तिनं तो गच्चीवर कबुतरांच्या खुराड्यावर घालायला लावला. मी खिळे ठोकत होतो.

“अक्षरं खाली कर,” ती म्हणाली. “पाऊस वरून येतो.”

कलत्या इमारती बघायला सरकारनं समिती नेमली, तिच्यात डॉक्टर नझमी आहेत. त्यांचा अनुभव मोठा.

मागच्या महिन्यात मी वगदीला भेटायला गेलो. माणूस चघळलेल्या उसासारखा झालाय. भेटायला येणाऱ्यांसाठी तुरुंगात पत्र्याची शेड घालायचीय, अधिकाऱ्यानं त्याला नकाशा काढायला सांगितला होता. चार कॉलम आणि वर पत्रा. त्यानं तो घडी करून सदऱ्यात आणला होता. माझ्यापुढं उलगडला. रेघ तशीच, केसासारखी. कोपऱ्यात चौकट आखलेली, चार ओळी, चारही कोऱ्या.

“अधिकारी म्हणतो, नाव घाल. आजच दे,” तो म्हणाला. “पण तपासलेला नाही. जरा नजर टाकतोस?”

मी बघितलं. कॉलम, अंतरं, पत्र्याचा उतार. शेडमध्ये चुकायला होतं काय? “बरोबर आहे,” म्हटलं. “नाव घाल आणि दे.”

त्यानं कागद माझ्या हातातून हळूच काढून घेतला, पहिल्याच घड्यांवर परत मिटला.

“तू तपासणारा नाहीस रं,” म्हणाला आणि सदऱ्यात ठेवला.