डोळे मिटलेला टेक

बोलता बोलता मामांची मान वळली, की समजायचं, फाट्यावर एसटी थांबली. आपल्याला ऐकू येण्याआधी ती त्यांना ऐकू यायची. हातातला दोर मांडीखाली दाबायचे, कपाळावर आडवा हात धरायचे आणि समोर जो कोण असेल त्याला विचारायचे, "उतरलं का कोनी?"

उतरलेलं माणूस त्यांचं कधीच नसायचं. मग दोर पुन्हा हातात. "येईल की. जाती कुठं."

जवळा बाजार या आमच्या गावात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर. दावी, कासरे वळायचे आणि आठवडी बाजारात विकायचे. ते सगळ्या गल्लीचे मामा. पण ज्या एकीचे ते बाप होते, ती पुसेगावला दिलेली होती आणि ती येत नव्हती.

त्याला कारण होतं. मामी गेल्या त्या दिवशी नाल्याला पाणी, एसटी बंद. भावकीतली मोठी माणसं म्हणाली, किती वेळ ठेवायचं, उचला. मामांनी मान हलवली. लेक दुसऱ्या दिवशी पोचली तेव्हा राख सावडून झाली होती. ती भांडली नाही. तेराव्याच्या पंगती वाढल्या, भांडी घासून पालथी घातली. "आईचं तोंड सुदिक दावलं न्हाई तुमी," एवढंच म्हणाली आणि गेली. त्यानंतर पंचमी नाही, दिवाळी नाही. मामा जाऊन आले, तर दारात पाणी मिळालं, बोलणं मिळालं नाही.

आता आमचा उद्योग सांगतो. नव्वदचं दशक संपत आलेलं. आम्ही तिघं हिंगोलीला कॉलेजात होतो आणि आपल्या हातून काहीतरी भव्य घडणार याबद्दल तिघांनाही शंका नव्हती. गॅदरिंगला फिल्म दाखवायची ठरली. लग्नाच्या शूटिंगवाल्याचा कॅमेरा एक दिवस मागून आणला. कॅसेट एकच. सुभाष डायरेक्टर, कारण शूटिंगवाला त्याच्या मेहुण्याच्या ओळखीचा. गोष्ट अशी की हिरो शहरातून गावी येतो आणि दारात बापाची तिरडी. आधी तिरडीचं शूटिंग करू, हिरोचं पुढं बघू.

मरायला माणूस मिळेना. ज्याला विचारावं तो "आमच्या घरी इचारा आधी" म्हणून सटकायचा. मामा मात्र सरळ हो म्हणाले.

"मला काय, पडूनच राह्यचं. खोटं मेल्यानं आयुष्य वाढतंय म्हनतेत. फकस्त बाजाराच्या दिशी करा."

"बाजाराच्याच दिवशी काहून, मामा?"

"मानसं असत्यात."

आम्ही खूश. गर्दी फुकटात मिळणार होती.

त्या दिवशी तिरडी मामांनी स्वतःच बांधली. आमच्या गाठी बघून त्यांना राहवेना. "दोर माझा घ्या," म्हणाले, गाठ ओढून पाहिली आणि जाऊन निजले. कपाळाला अबीर, गळ्यात हार, तोंडात तुळशीचं पान. शेजारच्या काशीकाकूंनी एकदम गळा काढला. सुभाष ओरडला, "काकू, तुम्हाला अजून सांगितलं नाही."

"मला ठाव हाय रे बाबा," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "पर तिरडी दिसली की येतंय."

इथपर्यंत गंमत होती. पण कॅमेरा मामांच्या चेहऱ्यावर लावला आणि अडचण सुरू झाली. फाट्यावर हॉर्न वाजला, की प्रेताचा डोळा उघडायचा. किलकिला व्हायचा आणि रस्त्याकडं सरकायचा.

"मामा, डोळे."

"मिटले की, लेकरा."

कॅसेट मागं घ्यायची, आधीचं पुसून त्यावरच पुन्हा शूट करायचं. पुन्हा हॉर्न, पुन्हा डोळा. बाजारामुळं गाड्या जास्त. सुभाषचं डोकं फिरलं. "प्रेत बघत नसतं हो मामा." मामा ओशाळून म्हणाले, "सवय हाय रे डोळ्याला." शेवटी दोन गाड्यांच्या मधली सामसूम बघून एक टेक मिळाला. गच्च मिटलेले डोळे, जराही न हलणारी छाती. सुभाष म्हणाला, "ओके." आम्ही टाळ्या वाजवल्या.

दुपारी मामा तिरडीवरच बसून बशीनं चहा पीत होते. गळ्यात हार तसाच. तेव्हा गल्लीच्या तोंडाशी रडण्याचा आवाज आला. आम्हाला वाटलं काकूच. पण ती लेक होती. सासरच्या दोघी बायका तिला दोन्ही बाजूंनी धरून आणत होत्या. पदर मातीत घासत होता. पुसेगावचे लोक बैल बघायला बाजारात आले होते, त्यांतल्या एकानं तिरडी बघितली आणि एसटीडीवरून तिकडं फोन लावला. त्यानं तरी काय वेगळं करावं?

मामा उभे राहिले. बशी हातातच. "आली का गं माय," म्हणाले.

ती थांबली. कॅमेऱ्याकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, बशीकडं बघितलं.

"बाजाराचा दिवस तुमीच धरला व्हय?"

मामांना खोटं बोलता येत नसे. "मला वाटलं, येशील. जित्ता बघून राहशील दोन दिस."

तिनं पुढं होऊन त्यांच्या गळ्यातला हार ओढून काढला. "मायचं तोंड दावलं न्हाई, अन् सोताचं असं दावता. आता तुमी खरंच मेले तरी म्या येनार न्हाई." आणि आल्या पावली फाट्याकडं गेली. मामा अबीर लावलेल्या कपाळानं तिच्यामागं वळणापर्यंत गेले. पुढं गेले नाहीत.

फिल्म तिथंच संपली. कुणाचं मनच झालं नाही. हिरो गावी आलाच नाही, गॅदरिंगला नुसते नाच झाले.

खोटं मेल्यानं म्हणा, मामांचं आयुष्य खरंच वाढलं. एवढं वाढायला नको होतं. बाजारात नायलॉनचे दोर आले, मामांचे पडून राहू लागले. तरी ते वळायचे आणि मान फाट्याकडं जायची. "उतरलं का कोनी?" तेवढं राहिलं होतं. "येईल की" म्हणायचं मात्र त्यांनी सोडलं होतं.

काही वर्षांनी ते खरंच गेले. तोवर हातात मोबाइल आले होते. पुसेगावला फोन मीच लावला. तिच्या नवऱ्यानं घेतला. मागून तिचा आवाज आला, "म्हनावं, चहा पाजा. उठून बसंल."

मी शपथ घेऊन सांगितलं. त्यानं फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तो उचललाच नाही.

या खेपेला भावकीनं घाई केली नाही. सगळी गल्ली थांबली. फाट्यावर गाडी थांबली की सगळ्यांच्या माना एकदम वळायच्या. मी तेव्हा मामांच्या चेहऱ्याकडं बघायचो. डोळा उघडत नव्हता. उन्हं कलली तेव्हा उचलावंच लागलं. तिरडीला दोर त्यांचाच होता, पडून राहिलेल्यातला.

ती आली ती नंतर, कुणा तिऱ्हाइताकडून खरं कळल्यावर. बंद घराच्या पायरीवर बसून राहिली. मग आमच्या दारात आली.

"भाऊ, ते शूटिंग हाय का अजून? तोंड बघू द्या."

मी त्या कॅसेटची सीडी करून ठेवली होती. लावली. तिरडी, हार, तुळशीचं पान, आणि मामांचा चेहरा. ती टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली.

"पुढं बोलतेत का ते?"

"नाही, ताई. एवढंच आहे."

बराच वेळ ती बघत होती. "किती गच्च मिटलेत डोळे," म्हणाली. "म्हंजी माजी वाट बघितली न्हाई."

मी तिला सगळं सांगितलं. हॉर्न, किलकिला डोळा, सुभाषचं ओरडणं. घडाघडा सांगितलं, माझाच आवाज चढला.

"मग ते दावा की."

"ते पुसलं, ताई. कॅसेट एकच होती. खराब टेक आम्ही पुसत गेलो."

ती माझ्याकडं वळलीसुद्धा नाही. "तुमी शूटिंगवाले," म्हणाली. "जित्त्याला मेलेलं दावता. तुमचं काय खरं धरावं?"

मग म्हणाली, "परत लावा."

मी परत लावली. काशीकाकूंचा हुंदका आहे त्यात, लांबून बाजाराचा गलका आहे. एसटीचा आवाज कुठंच नाही. म्हणून तर तो टेक आम्ही ठेवला होता.