बोगद्यात राहिलेला राजपुत्र

माझं पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हा मी लग्न होऊन दहिवलीत नवीनच आले होते, आणि जग माझ्या पुढच्या पुस्तकासाठी खोळंबलं आहे याविषयी माझ्या मनात तिळभर शंका नव्हती. एकूण पाच भाग होते. म्हणजे डोक्यात पाच, कागदावर एक. सात पहाडांचं राज्य, शापित राजघराणं, बोलणारा घोडा, आणि एक राजपुत्र. त्याला मी इतकं भारदस्त नाव ठेवलं होतं की सासूबाईंना ते शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. त्या त्याला 'तुझा तो' म्हणायच्या. आमच्या ह्यांना ते अजिबात आवडायचं नाही.

प्रतींचा गठ्ठा कर्जत स्टेशनावरून टांग्याने आला. मी प्रत्येकाला एकेक प्रत दिली आणि अभिप्रायाची वाट पाहत बसले. तेवढा मूर्खपणा मी पुढे आयुष्यात कधी केला नाही.

सासरे भातशेतीवाले. त्यांनी चष्मा लावून सगळं पुस्तक वाचलं, अगदी वंशावळीसकट, आणि विचारलं की ह्या राज्यात भात कोण लावतं. मी म्हटलं, ती अद्भुत कादंबरी आहे. ते म्हणाले, असू दे, पण एवढं सैन्य खातं काय? खालापूरच्या नणंदेने आधी शेवटचं पान वाचलं, लग्न नाही असं दिसल्यावर पुस्तक परत पाठवून दिलं. कर्जतच्या एका मास्तरांनी भाषेची तोंडभर स्तुती केली आणि बोध काय घ्यायचा ते विचारलं. सासूबाईंना घोडा आवडला. म्हणाल्या, त्या घरात तेवढा एकच शहाणा आहे. आमचे हे दुसऱ्या प्रकरणात झोपले. प्रत्येक वेळी दुसऱ्याच प्रकरणात.

मी मनातल्या मनात सगळ्यांना अडाणी ठरवलं. पुण्यात मॅट्रिक झालेली मुलगी होते ना मी.

मग श्रावण लागला. आमच्या ओटीवर शुक्रवारची कहाणी ऐकायला आळीतल्या बायका जमायच्या. सासूबाईंच्या मनात काय आलं कोण जाणे. देवीची कहाणी संपली की त्या म्हणायच्या, आता आमच्या सूनबाईची ऐका. दर शुक्रवारी थोडं थोडं करत मी आख्खं पुस्तक वाचलं. बायका सवयीप्रमाणे हातात अक्षता घेऊनच बसायच्या. कहाणी पुरी होईपर्यंत अक्षता हातात, पुरी झाली की देवापुढे, ही रीत. ती मला ठाऊक होती. पण माझ्या पुस्तकालाही ती लागू होईल हे माझ्या मॅट्रिक डोक्यात शिरलं नाही.

शेवटच्या शुक्रवारी शेवटचं प्रकरण. राजपुत्र पहाडाच्या पोटातल्या बोगद्यात शिरतो. मागचा दरवाजा बंद होतो. तो उघडायचा मंत्र ठाऊक असलेल्या एकमेव म्हाताऱ्याला मी आदल्याच पानावर मारलं होतं, परिणाम साधावा म्हणून. मग कंदील विझतो, आणि मी लिहिलं होतं, 'पहिला भाग समाप्त'. पुस्तक मिटून मी वर पाहिलं. बायका तशाच बसलेल्या, मुठी आवळून.

"मग?" एकीने विचारलं.

पुढचं दुसऱ्या भागात, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने अक्षता अंगणात चिमण्यांना टाकल्या. सासूबाईंनी बायकांच्या मुठी तशाच राहिलेल्या पाहिल्या आणि मला इतकंच म्हणाल्या की अर्धी कहाणी कुणी सांगतं का. शेजारच्या काकींचं मात्र वेगळंच. त्यांनी आपल्या अक्षता पदराच्या टोकाला बांधल्या आणि उठून गेल्या.

काकींचे यजमान घाटात रुळांवर गँगमन होते. पावसाळ्यात कंदील घेऊन दरड पडलीय का बघत बोगद्यांतून चालायचं, गाडी आली की भिंतीतल्या कोनाड्यात अंग चोरून उभं राहायचं, असं ते काम. बोगद्याचं प्रकरण मला त्यांनीच पुरवलं होतं, आमच्या ओटीवर चहा पिता पिता. टपटपणारं पाणी, वटवाघळं, कोनाडा, सगळं मी जसंच्या तसं उचललं आणि वर राजपुत्राचा मुकुट ठेवला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर काकी म्हणाल्या, "मुकुटाला कोन भुलतं गं? कंदील आमच्या घरचा हाय. बाहेर काढ त्याला."

मी हसले. आणि घरी येऊन दुसरा भाग लिहायला बसले. तेव्हा कळलं की त्याला बाहेर काढायला मी एक भोकसुद्धा ठेवलेलं नाही. प्रकाशकांनी तर कळवलं होतं की पहिला भाग खपला तर दुसऱ्याचं बघू, आणि पहिल्या भागाच्या उरलेल्या गठ्ठ्यावर आमच्याकडे तांदळाची कणगी टेकवलेली होती. पण मला प्रकाशकांची फिकीर नव्हती. काकी रोज कुंपणाशी यायच्या आणि मी नवी युक्ती सांगायचे. देव प्रकट होतो, असं म्हटलं तर त्या म्हणाल्या, आधी कुठं गेला होता? एकदा मी सुचवलं की हे सगळं राजपुत्राचं स्वप्नच होतं.

"मंग आमचे हे पन सपनातच घाटात जातात का?"

एवढा कडक टीकाकार मला पुढे भेटला नाही.

पुढच्या पावसाळ्यात एकदा घाटात दरड आली. गाड्या कर्जतला अडकल्या. काका सकाळी वर गेलेले, त्यांचा काही पत्ता नव्हता. तिसऱ्या प्रहरी काकी आल्या, ओटीवर बसल्या आणि पदराची गाठ सोडून अक्षता मुठीत घेतल्या. अक्षता ताज्या होत्या. जुन्यांना टोक्यांची कीड लागली की त्या बदलायच्या, हे मला तेव्हा कळलं.

"लिव," त्या म्हणाल्या.

मी कागद घेतला. दौतीत टाक बुडवला. पाच भागांची लेखिका, सात पहाडांची मालकीण, आणि एका माणसाला एका बोगद्यातून काढता येईना. शेवटी मी लिहिलं, 'आणि तो बाहेर आला.' मोठ्याने वाचून दाखवलं. काकींनी ऐकलं आणि अक्षता परत बांधल्या.

"हे तू माझ्यासाठी लिवलंस गं पोरी. त्याच्यासाठी नाय."

मग आम्ही दोघी नुसत्या बसून राहिलो. सासूबाईंनी चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. करण्यासारखं काहीच नव्हतं. दिवेलागणीला काका आले, चिखलाने माखलेले. बायको इथे का बसलीय हे त्यांना कळेना. त्यांनी तो गार चहा उभ्यानेच पिऊन टाकला.

दुसरा भाग मी लिहिलाच नाही. काही वर्षांनी दुसरं लिहायला लागले, चारदोन पुस्तकं झाली, पण त्यांत पहाड नव्हते. काका मात्र दर पावसाळ्यात घाटात जात राहिले आणि काकी दर श्रावणात अक्षता बदलत राहिल्या. मला त्या कधी टाकून बोलल्या नाहीत. भेटलो की फक्त भुवई उडवायच्या, निघाला का, म्हणून. मी नाही म्हणून मान हलवायचे.

काका रिटायर झाले त्या दिवशी गळ्यात हार घालून, हातात नारळ घेऊन घरी आले. काकी तशाच आमच्याकडे आल्या. तोवर सासूसासरे दोघेही गेले होते. काकींनी पदराची गाठ सोडली, अक्षता आमच्या देवापुढे ठेवल्या आणि नमस्कार केला.

"माझा आला बाहेर," त्या म्हणाल्या. "तुझ्याचं आता तू बघ."

मी म्हटलं, काकी, मला अजूनही रस्ता सापडत नाही. त्या निघाल्या. पायरी उतरल्या, चप्पल घातली आणि काहीतरी आठवल्यासारख्या मागे वळल्या.

"इतकी वर्सं आत हाय," त्या म्हणाल्या, "खातो काय गं तो?"