केंद्राच्या दारातली पायरी

दिवस कलला की फुमिएबाई बूट चढवून दारात उभ्या राहत. "फार वेळ बसले, आता घरी निघते." घर तर हेच होतं, जपानात नागोयातलं, त्यांच्याच नवऱ्याने बांधलेलं. पण स्मृतिभ्रंशात ते त्यांच्या मनातून पुसलं गेलं होतं.

सून चंद्रप्रभा मूळची पुण्याची. सुरुवातीला ती दार अडवायची, मग सासूबाई ओरबाडायच्या. शेवटी तिने वादच सोडला. "चला ओकासान, पोचवते तुम्हाला," म्हणायची (सासूला ती जपानीत 'आई' अशीच हाक मारायची) आणि गल्लीला वळसा घालून त्यांना त्याच दाराशी आणायची. दारातल्या पायरीपाशी बूट उतरवले की म्हातारीचा जीव निवायचा. "आले गं मी."

सत्त्याण्णव साली वॉर्ड ऑफिसने अशा रुग्णांना दिवसभर सांभाळणारं केंद्र काढायचं ठरवलं आणि नकाशा पक्का होण्याआधी घरच्या माणसांना बोलावलं. नकाशात सगळी सपाट फरशी होती आणि दाराला कुलूप. कुलूप बघून चंद्रप्रभाला इस्पितळ आठवलं. खुब्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई भ्रमात बडबडू लागल्या, तेव्हा इस्पितळात त्यांचे हात पलंगाला बांधलेले तिने पाहिले होते.

"कुलूप नको," ती म्हणाली. "दारात पायरी करा, बूट काढायला. आणि सासूबाई निघाल्याच, तर कुणीतरी बरोबर फिरून या."

"पायरीवर पडल्या तर?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"कठडा लावा. घरी मीच कठडा असते."

बायकोला सांभाळणारे एक आजोबा हसले. "आमच्याकडे कठड्याचेच गुडघे गेलेत."

पायरी झाली. फुमिएबाई तिथे बूट काढून आत जात, नर्सने दिलेला चहा पीत. कुणी त्यांना बांधत नव्हतं. चंद्रप्रभाला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

मग एका संध्याकाळी ती न्यायला गेली, तर सासूबाईंनी वाकून नमस्कार केला. "आलात, बरं वाटलं. आता निघा, तुमच्या घरी वाट बघत असतील."

"ओकासान, मी न्यायला आलेय. घरी जायचं ना?"

"मी घरीच आहे की."

नर्सने समजावून कसंबसं गाडीत बसवलं. वाटभर त्या मुकाट रडत होत्या. दाराशी पोचल्यावर चंद्रप्रभा बूट उतरवायला वाकली, तशी त्यांनी पाय मागे घेतला. "नको. लोकांकडे जेवणाच्या वेळी जाणं बरं नव्हे."

आत भात तयार होता. चंद्रप्रभा त्यांच्याशेजारी पायरीवर, बूट न काढताच, बसून राहिली.