टाकीशेजारचं नेटवर्क

माझ्या भाऊजींना जंगलात वाघाची भीती वाटत नाही, नेटवर्क जाण्याची वाटते. ताडोब्याला जायचं ठरलं तेव्हा रिसॉर्टवाल्याला त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रेंज कितपत येते गा तिकडे?" तो म्हणाला, "साहेब, लोकं तर रेंज नाही म्हणूनच येतात इकडे." भाऊजींना ती थट्टा वाटली. त्यांनी खोल्या बुक केल्या आणि वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं घेऊन ठेवली. कॉलनीतल्या चार ग्रुपचे ते ॲडमिन. सकाळी त्यांचा सुविचार गेला नाही तर खापरखेड्यात दिवस उजाडणार नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

मी ताईची धाकटी बहीण. धरमपेठेत एकटी राहते, कॉलेजात शिकवते आणि भाऊजींच्या मते फार बोलते. सफारीच्या जिप्सीत जागा रिकामी जात होती म्हणून त्यांनी मला घेतलं. पण भाचीनंही हट्ट धरला होता, आणि तिच्यासाठी मी कुठेही जाते.

भाची दातांची डॉक्टर. जरीपटक्याच्या बाजारात एका मिठाईच्या दुकानावर तिचा दवाखाना आहे. जागा निवडण्यातच तिची अक्कल दिसली, असं मी तेव्हाही म्हटलं होतं. तर या मुलीचं लग्न जुळत होतं. मुलगा अमेरिकेत, त्याची आई मूळची पुण्याची, सध्या त्याच्याकडे मुक्कामाला. बोलणी सगळी मेसेजवर. भाचीनं त्याला एकच गोष्ट विचारली होती: तिकडे आल्यावर मला पुन्हा परीक्षा देऊन डॉक्टरकीच करायची आहे, तुमची तयारी आहे का? त्याचं उत्तर आलं, "शंभर टक्के."

गाडीत ती माझ्या कानाशी म्हणाली, "मावशी, दोनदा ब्रश करता का विचारलं की माझे सगळे पेशंट शंभर टक्केच म्हणतात. तोंड उघडलं की समजते. मले फक्त एवढं समजलं पाहिजे, हा खरं बोलून राहिला का."

उमरेडच्या पुढे गेलो आणि मुलाच्या आईचा मेसेज आला. उद्या तुमच्या सकाळी सहाला व्हिडिओवर मुलीला बघू, आमची तेव्हा संध्याकाळ असते, नंतर आम्हाला जेवायला बाहेर जायचंय. सकाळी सहा म्हणजे नेमकी आमची सफारीला निघायची वेळ. भाऊजींनी क्षणात अंगठा पाठवला.

"त्यांना सांगा ना, जंगलात आहे म्हणून," मी म्हटलं.

"मुलाकडचे आहेत ते. त्यांना काय वाघाचं कारण सांगू?"

पूर्वी मुलगी बघायला आलेल्यांना निदान आपल्या घराची पायरी चढावी लागायची. पोहे खावे लागायचे, तिखट लागले तरी छान म्हणावं लागायचं. आता सोफ्यावर पाय पसरून, जेवायला जाण्याआधी उरलेल्या वेळात मुलगी बघतात. आणि इकडचा बाप त्यासाठी जंगलात नेटवर्क शोधतो.

शोधलंच त्यांनी. रिसॉर्टवर पोचल्यावर आम्ही जेवलो आणि भाऊजी आरतीचं ताट धरल्यासारखा फोन धरून आवारभर फिरले. स्वयंपाकघरामागे गेले, झोपाळ्यावर उभे राहिले. जंगलाच्या गेटवर रेंज चांगली येते, पण तिथे जिप्स्यांचा धूर आणि गर्दी, तिथे कसली मुलगी दाखवणार! शेवटी गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसलं की नेटवर्क येतं, असा शोध लागला. एवढा आनंद त्यांना स्वतःच्या प्रमोशनलाही झाला नव्हता.

दुपारच्या सफारीला मात्र त्यांचे हाल झाले. आत मोबाईल नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो. खिडकीतल्या माणसाशी त्यांनी बरीच हुज्जत घातली. त्यानं मुकाट्यानं फोन घेतला आणि बिल्ला हातात ठेवला. मग संबंध वाटभर भाऊजींचा हात शर्टाच्या खिशाकडे जाई आणि रिकामा परत येई.

वाघीण दिसली. पाणवठ्यावर, अगदी समोर. गाईड हळूच म्हणाला, "कोणी हलू नका." बाजूच्या जिप्सीतले लोक उभे राहिले, भाऊजी ड्रायव्हरला "पुढे घे गा, पुढे घे" म्हणून ढोसू लागले. भाची तेवढी बसल्या जागी बसून राहिली. गालावर चिलट बसलं तरी तिनं हात उचलला नाही. वाघीण पाणी प्यायली, गलका वाढला तशी उठून गवतात गेली.

"पाहिली, पण फोटो नाही," भाऊजी परतताना म्हणाले. "लोकांले सांगायचं काय?"

भाची मला म्हणाली, "मावशी, आपण हललो नाही ना, की तिले वाटते इथं कोणी नाहीच. कशी बिनधास्त पाणी पिऊन राहिली होती!"

दुसऱ्या दिवशी पहाटे ताईनं लेकीला रेशमी साडी नेसवली. गच्चीवर प्लास्टिकची खुर्ची गेली. थंडीनं आमचे दात वाजत होते आणि भाऊजी सूचना देत होते. "नागपुरी बोलू नको वं त्यांच्यासमोर. राहिली-बिहिली नाही. मला, तुला, असं बोल." जन्मभर ज्या भाषेत यांनी भांडणं केली, लेकीला जोजवलं, ती पुण्याच्या बाईपुढे एकाएकी लपवण्याजोगी झाली. मी काही बोलणार होते, ताईनं डोळ्यांनी दाबलं. खाली जिप्सी येऊन थांबली होती.

फोन लागला. मुलगा, त्याची आई, मागे भलामोठा फ्रीज. बाईंनी विचारपूस केली, भाचीनं पुस्तकातल्यासारखी उत्तरं दिली. मध्येच त्यांच्याकडे आमचं चित्र थांबलं. "अडकलं वाटतं," बाई म्हणाल्या. सुरू झालं. पुन्हा थांबलं, पुन्हा सुरू झालं. दोन्ही वेळा बाईंची नजर लगेच मुलाकडे वळली आणि ओठ हलले, पण आवाज आला नाही. ते आम्हा सगळ्यांना दिसलं. भाऊजींनी त्याचा दोष फक्त सिमकार्डाला दिला.

मग भाची थांबली.

मी तिच्या बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी उभी होते, म्हणून सांगते. नेटवर्क पूर्ण होतं. पडद्यावर बाई पदर सारखा करताना स्वच्छ दिसत होत्या. थांबली होती ती माझी भाची. तोंड अर्धवट उघडं, हात हनुवटीपाशी, पापणीसुद्धा लवत नव्हती. मागे पाण्याची टाकी, तीही हलणारी नव्हे.

"झालं, पुन्हा गेलं," बाई म्हणाल्या. "काय रे हे! जंगलात जाऊन बसलेत. रंगानं जरा डावी आहे, पण कॅमेऱ्याचा दोष असेल. आणि ते डॉक्टरकीचं तिच्या डोक्यातून काढ बाबा. किती वर्षं शिकत बसणार ती?"

मुलगा हसला. चांगलं मोकळं हसू होतं त्याचं. "आई, मी हो म्हणून ठेवलंय. एकदा इथे आली की कुठे जातेय!"

भाऊजींच्या हातातला बाकीच्या सिमकार्डांचा पुडा खाली पडला. ताईनं तोंडाला पदर लावला.

भाचीनं हनुवटीखालचा हात काढला, पदर नीट केला आणि म्हणाली, "काकू, ऐकू येऊन राहिलं मले सगळं. नेटवर्क लय चांगलं आहे इथं."

आता तिकडचे दोघे हलेनात. त्यांचंही नेटवर्क गेलं नव्हतं, मागच्या फ्रीजवरचं घड्याळ चालू होतं. भाचीनं नमस्कार केला आणि फोन बंद करून बापाच्या हातात दिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या मुलाच्या हसऱ्या तोंडासाठी चार शिव्याही सुचल्या, त्या मी मोठ्यानं दिल्या.

आणि आमचे भाऊजी काय म्हणाले असतील? "कट झालं असं सांगू. आपल्याला काही ऐकू आलं नाही, पोरीनं थट्टा केली म्हणू. पोरीले काय समजते? एवढं स्थळ पुन्हा मिळत नाही." फोनवर बोट ठेवूनच बोलत होते.

ताई आजवर नवऱ्यासमोर कधी आवाज चढवून बोललेली मला आठवत नाही. ती म्हणाली, "काहून? मले तर सगळं ऐकू आलं. तुम्हाले नाही आलं?"

खाली जिप्सीचा हॉर्न वाजला तसे आम्ही उतरलो.

गेटवरच्या खिडकीशी फोन जमा करण्यावरून लोकांची नेहमीची हुज्जत चालली होती. भाऊजींनी फोन पुढे केला आणि तेवढ्यात तो वाजला. पडद्यावर मुलाचं नाव होतं, आम्हा सगळ्यांना दिसलं. भाऊजींनी मागे पाहिलं. रेशमी साडीवर माझा स्वेटर घालून भाची जिप्सीत बसली होती. ती बापाकडेच बघत होती, न हलता.

"उचला ना साहेब, आहे टाइम," खिडकीतला माणूस म्हणाला.

"राहू दे," भाऊजी म्हणाले आणि वाजता फोन त्याच्या हातात देऊन जिप्सीकडे चालू लागले. याबद्दल मी त्यांचं कौतुक करणार नाही. बापाला एवढं जमायलाच हवं. बिल्ला घ्यायचा मात्र ते विसरले, तो मी उचलला.